टॉवेलखालचा सौदा

मामंजींनी डॉक्टरांचा जबडा चिमटीत धरला आणि म्हणाले, "आ कर."

आणि डॉ. शेडबाळेंनी खरोखरच आ केला. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातले रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, दाराबाहेर माणसांची ही रांग, आणि आत साहेब तोंड वासून बसलेले. मामंजींनी खालचे दात बघितले, वरचे बघितले, मान वळवून कानामागं काही खोड दिसते का तेही बघून घेतलं.

"वयानं बराय," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "दात झिजलं न्हाईत. घ्यायला हरकत न्हाय."

"आबा, डॉक्टर हायत ते!" संपतचा चेहरा पडला होता.

"असूंदे की. चालवून बघ एकदा."

मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं तोंड करून उभी होते. सुनेनं सासऱ्यासमोर हसू नये, म्हणून हसायला मला कायम अशी एखादी भिंत लागायची. डॉक्टरांनी मात्र कमाल केली. ते खुर्चीवरून उठले, खोलीत दारापर्यंत चालून आले आणि विचारलं, "कसा आहे?"

"डाव्या पायावर जरा दाबतोय," मामंजी म्हणाले.

"बरोबर. गुडघा दुखतो माझा," डॉक्टर म्हणाले, आणि खाली बसून मामंजींच्या उजव्या पायाची पट्टी सोडायला लागले. त्या क्षणी मला हा माणूस आवडला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मामंजींना आटपाडीपासून सांगोल्यापर्यंत केरबा दलाल म्हणून ओळखायचे. खिलार बैलांचे सौदे जुळवण्यात त्यांची हयात गेली. खरसुंडीच्या यात्रेत त्यांच्या टॉवेलखाली हात घालायला माणसं थांबून राहायची. मग डोकं हळूहळू विस्कटायला लागलं. आधी नावं गेली, मग माणसं. राहिला तो बाजार. घरात येणारं प्रत्येक नवं माणूस त्यांच्या लेखी एकतर बैल असायचं, नाहीतर गिऱ्हाईक.

त्यातच पायाचं दुखणं निघालं. चालताना पोटऱ्या भरून यायच्या, दहा पावलांवर थांबावं लागायचं. मग अंगठ्याला कसलीशी ठेच लागली, ती काही केल्या भरेना, आणि अंगठा टोकाकडून काळा पडत चालला.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. "तंबाखू आणि बीपी, दोघांनी मिळून नळ्या खराब केल्यात. पायातल्याही आणि मेंदूतल्याही. मेंदूला बारीक बारीक झटके येऊन गेलेत, ते यांना आणि तुम्हाला कळलेही नसतील."

"मग दोन्हीवर एकच औषध असंल की," संपत म्हणाला.

"तसं असतं तर मीच आधी घेतलं असतं. पायातली नळी मोकळी करता येते. जांघेतून तार घालायची, आतला फुगा फुगवायचा, गरज पडली तर जाळी बसवायची. मेंदूतलं गेलेलं परत आणता येत नाही. तिथं आहे ते सांभाळायचं. बीपी ताब्यात ठेवायचं, रक्त पातळ ठेवायची गोळी, तंबाखू बंद, रोज चालणं आणि माणसांत राहणं."

"आणि न्हाय केलं तर?"

"अंगठा जाईल. मग पाऊल. मग गुडघ्याखाली कापावं लागेल."

संपतनं मान खाली घातली. बाजारभर पायी हिंडलेल्या माणसाला एका पायावर घरात बसलेलं आम्हाला डोळ्यांसमोर आणता येईना.

"अडचण एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण भूल दिली तर शुद्धीवर येताना डोकं आणखी बिघडायची भीती. म्हणून जांघेपुरतीच भूल देणार. म्हणजे यांनी जागेपणी दोन तास निपचित पडायला हवं. पाय हलला तर तार कुठं जाईल सांगता येत नाही. आणि बांधून ठेवून मी हे करत नसतो."

मामंजी आणि निपचित! आदल्याच आठवड्यात पायाची सोनोग्राफी करणाऱ्या मुलाला त्यांनी अशी लाथ घातली होती की तो बिचारा यंत्रासकट मागं सरकला होता.

आता आमच्या घरात उपचार सुचवणारी माणसं काही कमी नव्हती. सिंधूवन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, जळवांच्या बाजूच्या. त्यांनी जतकडून एक वैदू आणलासुद्धा. मामंजींनी त्याला अंगणात उकिडवं बसवलं, त्याच्या टाचांच्या भेगा बघितल्या आणि "खुरं फुटल्यात, बाजारात उभा करू नगं," असं सांगून त्याला वाटेला लावलं. जळवा मात्र बरणीत तशाच राहिल्या. दोन दिवस त्या बरणीमुळं फडताळाजवळ जायला कुणी धजत नव्हतं.

थोरले भाऊजी पुण्याला बँकेत साहेब. त्यांनी कुठूनतरी सलाईनचा शोध लावला होता. ठरावीक बाटल्या चढवल्या की अंगातल्या सगळ्या नळ्या आतून धुऊन निघतात, पाय चालायला लागतो आणि डोकंही लख्ख होतं, असं त्या लोकांच्या पत्रकात छापलं होतं.

अशात महिना गेला. पुढच्या खेपेला हे दोन्ही वन्संनी डॉक्टरांना विचारून घेतलं. त्या कुणाला भ्यायच्या नाहीत.

"जळू रक्त काढते," डॉक्टर म्हणाले. "इथं पायाला रक्त पोचतच नाही. असलेलं कशाला काढायचं? आणि बाटलीनं नळी धुतलेली मी तरी अजून बघितली नाही."

वन्सं मला हळूच म्हणाल्या, "गोड बोलतोय, पन खरं बोलतोय वाटतं."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना दाखल केलं. दवाखान्याचा हिरवा अंगरखा घालायला त्यांनी फार त्रास दिला नाही, पण खांद्यावरचा टॉवेल काही सोडेनात. नर्सबाईंनी ओढून बघितला, मग नाद सोडला. तार घालायच्या खोलीत न्यायची वेळ झाली आणि आरडाओरडा सुरू झाला.

"न्हाय!" मामंजी कडाडले. "न्हाय म्हंजे न्हाय! नीघ हितनं!"

"आबा, असं काय करताय?" संपत काकुळतीला आला. "पायासाठी हाय ते."

"तुज्या बापाचा पाय हाय का?"

"व्हय!" संपत म्हणाला, आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला हसावं का रडावं ते कळेना झालं असणार.

मामंजी ओरडत होते आणि उजवा हात पुढं करत होते. हे त्यांचं नेहमीचंच. ऑपरेशनचं नाव काढलं की तोंडानं नाही म्हणायचं आणि हात पुढं करायचा. आम्हाला वाटायचं, काहीतरी खायला मागतायत. वन्सं त्या हातावर बिस्कीट ठेवायच्या. संपत ठेवायचा गोळी. त्या बिस्किटाकडं मामंजी असं काही बघायचे की मला वन्संचीच दया यायची. आजही वन्संनी पिशवीत हात घातलाच होता, इतक्यात मामंजींनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि पुढं केलेल्या हातावर टाकला.

"थंडी वाजतीया त्येस्नी," वन्सं म्हणाल्या आणि चादर वर ओढायला लागल्या.

"थांबा, वन्सं!" मी ओरडलेच.

थंडी कसली वाजतेय! मी दलालाची मुलगी. माझे तात्या आणि मामंजी एकाच बाजारातले. माझं लग्नही त्या ओळखीतूनच जमलेलं. बाजारातले दर चारचौघांत बोलून ठरत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो, त्याच्याखाली दोघांची बोटं बोलतात आणि काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. तोंडानं मात्र भांडण चालू ठेवायचं असतं. परवडत नाही, नेतो माझा बैल परत, चल नीघ. ते सगळं भोवतीच्या गर्दीसाठी. नकार द्यायची खरी रीत एकच, हात काढून घ्यायचा. आणि मामंजींनी गेल्या महिन्याभरात एकदाही हात मागं घेतला नव्हता. ते रोज सौद्याला बसत होते आणि आम्ही त्यांच्या हातावर ग्लुकोजची बिस्किटं ठेवत होतो.

बायका टॉवेलखाली हात घालत नाहीत. सुनेनं सासऱ्याचा हात धरणं तर लांबच राहिलं. वाढतानासुद्धा मी ताट खाली ठेवून दोन पावलं मागं सरायची. लहानपणी तात्यांची बोटं धरून शिकलेलं सगळं मला येत होतं, पण ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी पदर खोचला आणि टॉवेलखाली हात घातला.

"अगं शालन!" वन्सं किंचाळल्या. "सासरा हाय तुजा!"

मामंजींचं ओरडणं थांबलं. त्यांनी माझं पहिलं बोट चाचपलं, मग दुसरं. "कुनाकडचा दलाल गं तू?"

"खरसुंडीच्या तात्याकडचा," मी म्हणाले.

"तात्याचा! मग बस की."

मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते हिरवी टोपी घालून आले. मी त्यांना म्हणाले, "डॉक्टर, हातमोजा काढा आणि टॉवेलखाली हात घाला."

"कशाला?"

"तुम्हाला दोन तास पाहिजेत ना? मागून घ्या."

मी मामंजींना सांगितलं की बैलाचं खूर काळं पडलंय, पत्री मारणाऱ्या, नाल ठोकणाऱ्या माणसाला आणलंय, खूर नीट करेपर्यंत बैल आडवा पडून राहायला हवा. बैलाला पत्री मारताना पाय बांधून आडवा पाडतात, ते त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

"दावं लावून?" त्यांनी विचारलं.

"नाही. न बांधता."

"न बांधता?" ते हसले. "मग बैलाला इचारावं लागंल. आन हिकडं त्येचा हात."

डॉक्टरांनी हात घातला. मी त्यांची दोन बोटं, म्हणजे दोन तास, मामंजींच्या मुठीत दिली. मामंजींनी ती तपासली आणि उलट काहीतरी दाबलं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "काय म्हणतायत?"

"अर्ध्या तासावर आलेत."

"अर्ध्या तासात काय होतंय? मला..."

"तोंडानं नाही, बोटांनी. तोंडानं नुसतं भांडा. परवडत नाही म्हणा."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "परवडत नाही हो," ते अगदी अदबीनं म्हणाले.

मामंजी खूश झाले. "गिऱ्हाईक नवं दिसतंय. नसंल परवडत तर वाटंला लाग!"

"जोरात," मी डॉक्टरांच्या कानाशी म्हणाले.

"परवडत नाही म्हणतोय ना!" डॉक्टर ओरडले. दारातून दोन नर्स डोकावल्या.

"मग न्हेतो मी माजा बैल माघारी!"

"न्या! न्या की! कोण अडवतंय!" डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना त्यात मजा यायला लागली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. टॉवेलखाली मात्र त्यांची दोन बोटं जागची हलली नव्हती, आणि मामंजी एकावर, मग दीडावर येत होते. वन्सं बिस्किटाचा पुडा छातीशी धरून हे सगळं बघत होत्या.

शेवटी मामंजींनी डॉक्टरांची दोन्ही बोटं गच्च आवळली आणि सोडली. "दिलं. पन एक सांगतो. मी दिलेला शबूद बैलाला लागू. त्यो हलला तर माजं नाव घालव."

डॉक्टर हात काढून घेणार, तेवढ्यात मामंजींनी विचारलं, "आन् घेनार कोन?"

"काय घेणार?" मी म्हणाले.

"बैल गं. खूर नीट करून करायचं काय? म्हातारा हाय, कामाचा न्हाय. असलं जनावर खाटकाबिगार कोन घेतंय? आमची पोरं तर घेत न्हाईत." ते हे अगदी बाजारातल्या आवाजात, सहज बोलले. "म्हनून मी न्हाय म्हनत हुतो. खाटकाला द्यायचा न्हाय मला."

डॉक्टरांनी टोपी काढली.

"मी घेते," मी म्हणाले.

"तू? बाईमानूस?"

"मीच. माझ्या दावणीला बांधते. मरेपर्यंत विकणार नाही."

त्यांनी परत माझा हात टॉवेलखाली ओढला. मी माझी पाचही बोटं त्यांच्या हातात दिली. काय म्हणून पाच दिली ते मलाही ठाऊक नव्हतं. होतं नव्हतं तेवढं दिलं. त्यांनी एकेक करत चार बोटं मिटवून मला परत केली आणि एकच ठेवून घेतलं. विकणारा स्वतःहून भाव खाली आणतो असं मी तात्यांच्या हाताखाली कधी बघितलं नव्हतं.

"झाला सौदा," ते म्हणाले. "चला, पत्री मारा."

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तार घातली, फुगा फुगवला, जाळी बसवली. मामंजी छताकडं बघत पडून होते. मध्ये एकदा नर्सचा हात लागून ट्रे खाली पडला, मोठा आवाज झाला. सगळे दचकले. मामंजी तेवढे हलले नाहीत.

खोलीत आणल्यावर मी त्यांच्या पावलाला हात लावून बघितला. ते पाऊल कित्येक महिने दगडासारखं गार असायचं. आता ते गरम होतं. सुनेनं सासऱ्याच्या पायाशी बसून भोकाड पसरावं की नाही, याचा विचार करायला मी थांबले नाही. वन्संही रडल्या आणि मग राहिलेली बिस्किटं आम्ही दोघींनी मिळून संपवली.

संध्याकाळी पुण्याहून थोरले भाऊजी आले. त्यांनी पायाला हात लावून बघितला, डॉक्टरांना भेटून आले आणि मग संपतला आणि मला बाजूला घेतलं.

"पाय वाचला, फार चांगलं झालं," ते म्हणाले. "पण आता घरी न्यायचं म्हणजे काय, याचा विचार करा. पुण्यात अशा लोकांसाठी एक केंद्र आहे. दिवसरात्र माणसं असतात, शिकलेली असतात. मी बोलून ठेवलंय. इथूनच गाडी करू."

भाऊजी वाईट माणूस नव्हते. मला दमलेलं त्यांनी बघितलं होतं. पहाटे उठून मामंजी बाजाराला निघायचे तेव्हा त्यांना ओढ्यापासून परत आणायला मीच धावायची, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून नाही म्हणताना मला जड गेलं.

"नाही भाऊजी. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

संपतनं सकाळची हकीकत सांगितली. भाऊजी मनापासून हसले. "अगं शालन, तो सौदा बैलाचा झाला! आबांना स्वतःचा पाय कुठला ते कळत नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी एक म्हातारा बैल विकला आणि विसरून गेले. तू कोण आहेस हे तरी त्यांना माहीत आहे का?"

"नाव नसंल आठवत," संपत म्हणाला.

"नाव सोड. ती त्यांची कोण, हे सांगू देत. सांगितलं तर मी शब्द नाही काढणार पुन्हा. आणि नाही सांगितलं, तर उद्या गाडी येईल. कबूल?"

संपतनं माझ्याकडं बघितलं. गेल्या वर्षभरात मामंजींनी मला कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती. चहा आणला की चहावाली, औषध आणलं की नर्सबाई. एकदा तर मला शेजारच्या गावची सरपंचीण समजून त्यांनी उठून नमस्कार केला होता. तरी मी मान डोलावली.

भाऊजी कॉटपाशी गेले. "आबा, मी कोण?"

मामंजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो खोंड कुनाचा? चारा चांगला लागलाय, पन कामाला जुपलेला दिसत न्हाय."

वन्सं तोंडावर पदर घेऊन खिडकीकडं वळल्या. भाऊजींनी ते सोडून दिलं. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला पुढं आणलं.

"बरं. आणि ही कोण, आबा? नीट बघून सांगा."

मामंजींनी मान उचलली. मी पदर सावरला. त्यांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग हातांकडं, मग कितीतरी वेळ चेहऱ्याकडं.

"ही व्हय?" ते म्हणाले. "हिनं घेतलंय मला."